तूबा खानुमच्या गालिच्यातली मोकळी जागा

मित्रांनो, हे वाचताना दोन शब्दांच्या मधे जरा थांबा. तिथे काहीच नाही असं तुम्हाला वाटेल, पण तिथे मी बसलेली असते. मी एक जुनी मोकळी जागा आहे. मला रंग नाही, रूप नाही, आवाज तर नाहीच. तरी मी नसते तर तुमचे सगळे शब्द एकमेकांच्या अंगावर कोसळले असते.

संगणकाला ‘काही नाही’ ही गोष्ट समजत नाही. त्या बिचाऱ्याला फक्त आकडे समजतात. म्हणून माणसांनी प्रत्येक अक्षराला एक आकडा दिला, आणि अक्षरांच्या पंगतीत मलाही एक पाट मांडला. माझा आकडा बत्तीस. कळफलकावरची सगळ्यात लांब पट्टी माझी आहे आणि तिच्यासाठी माणसं अंगठा राखून ठेवतात. मान एवढाच. बाकी माझ्याकडे बघून मला कुणी दाबत नाही.

पण पूने नावाच्या एका बाईनं मला बघून दाबलं. तीच गोष्ट सांगते.

इराणमधल्या काशानजवळच्या एका गावात तूबा खानुमच्या अंगणात गालिच्याचा माग होता. मागावर तिची धाकटी बहीण रअना आणि शेजारच्या दोघी बसत, आणि तूबा खानुम मागे उशीला टेकून गाऊन नक्षी सांगे. “दोन लाल, एक हिरवा, तीन लाल...” विणणाऱ्या तोच सूर धरून उत्तर देत आणि गाठी मारत जात. नक्षी कागदावर कधी उतरलीच नव्हती. आईच्या गळ्यातून ती लेकीच्या गळ्यात आली होती. फुलांमागच्या मोकळ्या सुरमई जमिनीच्या गाठींना तर त्या घरात नावही घेत नसत. जमीन आली की तूबा खानुम नुसती मान डोलवी आणि “हं, हं, हं” म्हणे. जितके हुंकार, तितक्या गाठी.

मग तिच्या गळ्यातच गाठ निघाली. गाठ साधी होती, पण इस्फहानच्या डॉक्टरांनी सांगितलं, काढावी लागेल, आवाज परत येईल की नाही ते सांगता येत नाही. गालिचा मागावर अर्धा होता. शहरात नांदणारी तिची लेक पूने तान्ह्या बाळाला घेऊन धावत आली. बाळाला पाळण्यात टाकलं, संगणक मांडीवर घेतला आणि म्हणाली, “मामान, तू गा. मी उतरवून घेते.”

फारसी अक्षरं एकमेकांचे हात धरून चालतात, त्यांच्यात एकेक गाठ सुटी दिसेना. म्हणून पूनेने रंगांसाठी परकी, सुटी अक्षरं घेतली. नक्षीतल्या हिरव्या पानासाठी तिला कोनासारखी एक खूण सापडली. फुलाच्या एका बाजूला डावीकडे टोक असलेली, दुसऱ्या बाजूला उजवीकडे टोक असलेली, अगदी पानाच्या शेंड्यासारखी. आणि जमिनीच्या प्रत्येक हुंकाराला तिने मला बसवलं.

मित्रांनो, त्या दिवसांत मी फार सुखात होते! एकीशेजारी एक, आम्ही रांगेनं बसलो आणि सुरमई जमीन झालो.

“मामान, हळू ना! माझी बोटं तुझ्या जिभेइतकी पळत नाहीत.”

“मग बोटांना चहा पाज,” तूबा खानुम घोगऱ्या आवाजात म्हणे.

रअना मागावरून ओरडे, “शहरात राहून मऊ पडलीत गं बोटं! काढ तो नखांचा रंग आणि ये इकडे गाठी मारायला.”

“खाले, माझ्या गाठींवर कोण बसेल? मांजरसुद्धा बसणार नाही.” मावशीला पूने खाले म्हणे.

नक्षी पुरी झाली. आईला घेऊन इस्फहानला निघण्याआधी पूनेने ती इंटरनेटवरच्या एका पानावर चढवली, म्हणजे रअनाला ती फोनवर उघडून वाचता यावी. घाईत होती, बाळ रडत होतं. चढवलेलं पान तिने उघडून पाहिलं नाही.

आणि तिथेच आमचा घात झाला.

अशा पानांची एक रीत आहे. तिथे मी एकटी असले तर मला बसू देतात. पण आम्ही बऱ्याच जणी शेजारी शेजारी बसलो, तर दाखवताना पान आम्हा सगळ्यांची मिळून एकच करून टाकतं. माणसं मला निष्काळजीपणे कुठेही सांडतात, म्हणून हा आवराआवरीचा नियम. आमची रुंद सुरमई जमीन मिटून एवढीशी झाली आणि फुलं कडेला जाऊन दाटीवाटीनं उभी राहिली. कोनाच्या खुणांचं तर आणखी वाईट झालं. त्या खुणा म्हणजे इंटरनेटच्या पानासाठी हुकूम असतात. दोन कोनांच्या मधे फूल होतं. पानाला वाटलं, हा आपल्याला दिलेला हुकूम आहे, वाचकाला दाखवायचा नाही. त्यानं नक्षीतली हिरवी पानं आणि मधलं फुलाचं पोट, सगळं गिळलं.

आता तुम्ही म्हणाल, रअनाला हे दिसलं नाही का? दिसलं असणार. पण त्या मागावर आवाज देणारीला कुणी उलट विचारत नसे. तूबा खानुम सांगेल ती गाठ! फोनमधली नक्षी म्हणजे आबजीचाच आवाज, असं रअनाने मानलं. ताईला ती आबजी म्हणे. तिने वाचलं, शेजारणींनी विणलं, ओळ अपुरी पडली तिथे जमीन भरली. मग मात्र तिला राहवेना.

इस्फहानच्या दवाखान्यात दुपारी फोन वाजला. पूनेच्या कडेवर बाळ, म्हणून तिने आवाज मोठा करून फोन खाटेवर ठेवला.

“पूनेजान, एक विचारू? रागावू नकोस हं. आबजीला भूल देताना डोक्यातही काही टोचलं का गं? फुलं सगळी कडेला येऊन भांडतायत, आणि एका फुलाला तर पोटच नाही. पानं काय बकरीनं खाल्ली?”

“खाले! मामान ऐकतेय!”

 पलीकडून बारीक आवाजात, “हाय, जीभ झडो माझी.”

फोनवर गालिच्याचं छायाचित्र आलं. तूबा खानुमच्या गळ्याला पट्टी, बोलायची मनाई. तिने छायाचित्र डोळ्यांजवळ धरून पाहिलं. मग तळहात कपाळाला लावला आणि हवेत उघडला. उडालं सगळं, असं. आईकडून आलेली नक्षी आपण विसरलो, या विचारानं तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.

“मामान, चूक तुझी नाही,” पूने म्हणाली. पण खरं सांगते, तिचाही विश्वास डळमळला होता.

तिने आईचा खांदा हलवला. “एक ओळ. मनातल्या मनात गा. फक्त एक.”

तूबा खानुमने डोळे मिटले. ओठ हलू लागले. दोन लाल, एक हिरवा... आणि मग मान डोलली. डोलली, पुन्हा डोलली, डोलतच राहिली. पूने फोनमधल्या ओळीवर बोट ठेवून बसली होती. आईची मान अजून डोलत होती आणि बोटापुढची जमीन केव्हाच संपली होती.

पूनेने पिशवीतून संगणक काढला, स्वतः टंकलेली नक्षी उघडली. तिथे आम्ही सगळ्या होतो. एकही हलली नव्हती.

“मामान! बघ, बघ ना! हे तुझं. हे जसंच्या तसं आहे. माझ्या इंटरनेटच्या पानानं खाल्लं गं!”

तूबा खानुम उठून बसली. तिने संगणकावर ओळ न् ओळ बोट फिरवलं आणि लेकीच्या गालावर हलकी चापट मारली. ती चापट मला फार आवडली.

मग पूनेने संगणकातल्या जाणत्यांनी लिहिलेलं वाचून काढलं. माझी एक सख्खी बहीण आहे, मित्रांनो. दिसायला माझ्यासारखीच, आकडा मात्र एकशे साठ. तिला अतूट जागा म्हणतात. ती हात सोडत नाही, पान तिला मिटवू शकत नाही. जमिनीवर माझ्या जागी पूनेने तिला बसवलं. कोनांची खूण थेट न टंकता तिने त्यांना आडवळणाच्या नावानं हाक मारली. इथले जुन्या वळणाचे पुरुष चारचौघांत बायकोचं नाव न घेता ‘मुलांची आई’ म्हणतात ना, तसं. पानाला मग हुकूम ऐकू येत नाही, ते गुपचूप खूण दाखवतं. यावेळी पूनेने चढवलेलं पान उघडून, आईला दाखवून, मगच फोन केला.

“उसवायचं?” रअना म्हणाली. “उसवते बाई, दातांनी उसवते! आबजीवरून जीव ओवाळून टाकते. तिचं डोकं शाबूत आहे, तेवढं पुरे.”

तूबा खानुम घरी आली तेव्हा फुलं आपापल्या जागी बसली होती. आवाज परतला नव्हता. ती उशीला टेकली, रअना फोनवरून गाऊ लागली. एका ओळीत रअनाची नजर घसरली, तशी मागून भुईवर टक्‌कन थाप पडली. रअना वळली. तूबा खानुम डोळे वटारून बघत होती.

“आली गं बाई, मालकीण परत आली!” रअना हसता हसता रडली, आणि चुकलेली गाठ सोडवायला लागली.

माझी जागा बहिणीला गेली याचं मला वाईट वाटत नाही. मी रोजच्या शब्दांमधे पुन्हा येऊन बसले आहे. एकच मागणं आहे, मित्रांनो. वहीत असो, घरात असो, की कुणाच्या बोलण्यातला थांबा असो, मोकळं दिसलं म्हणून लगेच आवरून टाकू नका. ज्यानं ते ठेवलंय त्याच्याजवळ घटकाभर बसा, आणि त्याची मान कुठे डोलते ते बघा.