हिमानीला न शिकवलेले शब्द

आधीच सांगून टाकते, सहा वर्षांची पोर नापास झाली ती माझ्यामुळे. तीही चुकून नाही, मुद्दाम. उगाच कुणी मास्तरणीला देवी बनवायला नको.

डोंगरावरच्या धुरकोट गावातल्या आमच्या शाळेचा पट एक. हिमानी. बाकीची घरं कुलुपं घालून कधीच खाली उतरली. हिमानीचे आईबापही खाली हल्द्वानी शहरात. बाप कुंदन टेम्पो चालवतो, आई चार घरचा स्वयंपाक करते. पोर इथं बूबूंजवळ, म्हणजे आजोबांजवळ, आणि बूबू दोन्ही कानांनी ठार बहिरे. म्हणजे अख्ख्या गावात माझ्याशी बोलणारं माणूस एकच, आणि त्याचेही पुढचे दोन दात पडलेले.

फेब्रुवारीत कुंदन एक कागद घेऊन आला.

"मॅडमजी, तिथल्या एका शाळेत हिला घेतायत. पण आधी परीक्षा आहे. वसंतातल्या गोष्टींची चित्रं दाखवतात, नाव सांगायचं, मग अक्षरांच्या चौकटीत तोच शब्द शोधायचा. एवढं करून घ्या. हिची आई रोज रडते हो."

"करून घेते की," मी म्हटलं.

कागदावर आंब्याचा मोहोर, पळस, काटेसावर, कोकीळ. आमच्या उंचीवर यातलं काहीसुद्धा दिसत नाही. मी तो कागद टेबलाच्या खणात टाकला आणि माझ्या स्वतःच्या चौकटी आखल्या. त्यांत बुरांश, प्योली ही फुलं, काफल हे फळ, घुघुती हे पाखरू असं आमचं आमचं लपवलं. हिमानी जीभ बाहेर काढून शब्दाभोवती लाल पेन्सिलीनं गोल करायची.

"सापडली! मॅडमजी, घुघुती इथं आडवी झोपलीय!"

"उठव तिला. चैत तोंडावर आला तरी लोळतेय, आळशी कुठली!"

खिदळायची नुसती. मला वाटायचं, राहू दे की अजून एक वर्ष. ती गेली की शाळा बंद, माझी बदली कुठंतरी, आणि तोवर मी बोलायचं कुणाशी, भिंतींशी? आईबाप काय, कुठं पळून चाललेत? असा विचार केला मी. देवाशप्पथ केला.

परीक्षा नेमकी फूलदेईच्या दिवशी आली, म्हणजे पोरं घरोघरच्या उंबऱ्यावर फुलं ठेवून तांदूळ-गूळ घेतात त्या आमच्या सणाला. संध्याकाळी कुंदनचा फोन.

"नाक कापलं हो मॅडमजी! गावाहून आणलेली बुरांशाची फुलं पोरीनं मोठ्या मॅडमच्या उंबऱ्यावर ठेवली आणि तिथंच उभी राहिली. आत ये, आत ये म्हणतायत, तर ही हलायला तयार नाही. म्हणते, आधी तांदूळ-गूळ द्या. शिपायानं फुलं झाडून टाकली. रडायलाच लागली. मग चित्रं दाखवली, तर एकाचं नाव येईल तर शपथ!"

"अरेरे," मी म्हटलं. फोन ठेवला आणि चहात साखर दोन चमचे जास्त घातली. इतका आनंद झाला होता मला.

सोमवारी हिमानी परत शाळेत आली. चटईवर मला चिकटून बसली आणि कानाशी येऊन म्हणाली, "मॅडमजी, तुम्ही घाबरू नका. बाबा तुमच्यावर चिडले होते. पण मी सांगितलं, मॅडमजींनाच ते शब्द येत नाहीत, मग त्या बिचाऱ्या कुठून शिकवतील?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी उठले आणि खण उघडला.

हल्द्वानीच्या शाळेनं दहा दिवसांनी पुन्हा बोलावलं होतं. मी खडूनं फळ्यावर मोहोर काढला, पळस काढला, कोकिळेसारखी ओरडूनसुद्धा दाखवलं. पोर हुशार. शेवटच्या दिवशी अख्खी चौकट सोडवून तिनं मान वर केली.

"मॅडमजी, हे तुम्हाला कधी आलं?"

खोटं बोलता आलं असतं. "पहिल्यापासून येत होतं."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तू गेली असतीस गं."

तिनं पेन्सिल दप्तरात ठेवली, चौकटीचा कागद नीट घडी करून ठेवला.

"आई रोज फोनवर विचारायची, झालं का शिकून? मी सांगायचे, मॅडमजी शिकवतायत."

मग दप्तर उचलून घरी गेली. शाळा सुटायला अजून तास होता, पण तिला थांबवायची माझी हिंमत झाली नाही.

पास झाली. कुंदन आमच्याकडची खव्याची बालमिठाई घेऊन आला, माझ्या पाया पडला, तुमचे उपकार कसे फेडू म्हणाला. मी मान खाली घालून ती मिठाई घेतली. जीप निघाली तेव्हा हिमानीनं खिडकीतून हात हलवला. बूबू माझ्या शेजारीच उभे होते. त्यांना हलवला की मला, काही कळलं नाही. मी आपला हलवला.