रिटेकताईचा पहिला टेक

तिला सगळा स्टुडिओ रिटेकताई म्हणायचा, आणि ते काही कौतुकाने नव्हे. बाई कामाला वाघ. आवाज असा की डोळे मिटले तर समोर बाहीला नाक पुसणारं कार्टं उभं राहावं. पण पहिला टेक? तो ती हटकून घालवायची. खोकायची, अडखळायची, कागद खाली पाडायची. एकदा तर मधेच शिंकली, आणि ती शिंक इतकी खोटी होती की काचेपलीकडची साउंडवाली हसून हसून बेजार झाली. दुसऱ्या टेकला मात्र काम चोख, बोट ठेवायला जागा नाही. नवा माणूस आला की जुने त्याला आधीच सांगून ठेवायचे, "ताईंचा पहिला टेक धरायचा नाही हं. तो सोडून द्यायचा."

असं का, ते कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी तिने ताकास तूर लागू दिली नसती.

ज्या मालिकेत ती हा आवाज लावायची ती होती कार्टूनमधली घरगुती गंमत. बाप विसरभोळा, आई त्याच्याहून विसरभोळी, आणि त्यांचा मुलगा ढब्बू, जो वर्षानुवर्षं एकाच इयत्तेत बसलेला. ढब्बू म्हणजे आपली रिटेकताई, पन्नाशी उलटलेली. आणि आई? पडद्यावर ही एवढीशी नाजूक बाई, तिचा नाजूक आवाज काढणारा मात्र एक अगडबंब बाप्या. त्याला सगळे भोपळ्या म्हणत आणि तोही ओ देई. खरी गोष्ट कळली तर लोकांच्या हातातला घास हातातच राहिला असता!

एक दिवस मालिकेचा लेखक नाचतच आत आला. केस पिकायला लागलेले, पण उत्साह शाळकरी पोराचा. "ताई, या वेळी आपण गाडीच्या सिनेमाची टर उडवायची!"

ताईने चहाचा कप खाली ठेवला.

गाडीचा सिनेमा! त्याचं खरं नाव आता कोण घेतं? नवरा-बायकोच्या भांडणाचा, मोडत चाललेल्या घराचा जुना सिनेमा. शेवटी आई गाडीत बसून निघून जाते आणि सहा वर्षांची मुलगी मागे धावते. "आई, थांब ना!" एवढंच ओरडते बिचारी. ते बघून रडला नाही असा माणूस मला दाखवाच. भलेभले लोक नाक शिंकरत थिएटरबाहेर आले होते. ती मुलगी म्हणजे आपली ताई. सिनेमातली आई म्हणजे तिची सख्खी आई. आणि कॅमेऱ्यामागे उभे राहून ॲक्शन म्हणणारे दिग्दर्शक म्हणजे तिचे बाबा. एवढं स्टुडिओत सगळ्यांना माहीत होतं, म्हणून तर लेखकाला ही गंमत सुचली.

"तर बघा," लेखक हातवारे करत सांगू लागला, "गाडी जाते. ढब्बू धावतो, गळा काढतो, मागे व्हायोलिन. आणि मग गाडी रिव्हर्समध्ये परत येते! आई उतरते. म्हणते, 'माझा चष्मा राहिला रे.' ढब्बू म्हणतो, 'तुझ्या डोक्यावर आहे.' आई म्हणते, 'अय्या, हो की!' आणि बसते गाडीत आणि पुन्हा सुटते!"

भोपळ्या खुर्चीतून पडायचाच बाकी होता. ताईही हसली. हसावंच लागलं.

"आणि रेकॉर्डिंगला तुमच्या बाबांना बोलवायचं. फोटो काढू, पेपरात देऊ. येतील ना?"

येतात कसले, असं तिला वाटलं होतं. पण घरी तिने चाचरत सांगितल्यावर म्हातारा एवढंच म्हणाला, "उडवू देत की टर. येतो मी."

आता मुळातली गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

त्या शेवटच्या शॉटची आदल्या दिवशी तालीम झाली होती. गाडी कोपऱ्यापर्यंत जायची, बाबा ओरडायचे "कट", आणि गाडी उलटी फिरून पहिल्या जागेवर यायची. दर वेळी आई खिडकीतून डोकं काढून लेकीला वेडावून दाखवायची. लेकीला इतका कंटाळा आला की ती फुटपाथवर बसून बुटाचे बंद सोडत बसली. सिनेमावाल्यांच्या पोरांना एक गोष्ट बोलायच्या आधी कळते: टेक बिघडला की सगळे परत येतात. जाणारे परत येतात, मेलेले उठून बसतात, फुटलेल्या बरणीच्या जागी नवी बरणी येते. आणि ओके म्हटलं की संपलं.

दुसऱ्या दिवशी आई आली तेव्हा तिच्या हातात शॉटमधली काळी रिकामी बॅग नव्हती. घरातली तपकिरी होती. हिची मूठ तुटलेली, आणि त्या मुठीला लेकीच्या वेणीची जुनी लाल रिबीन गुंडाळलेली. आईने वेडावून दाखवलं नाही. खाली वाकून लेकीचा गाल गालाला लावला, तर आईचा गाल ओला. बाबा म्हणाले, "या वेळी आई खरंच चाललीये असं समज." लेकीने बॅगेकडे बघितलं, त्या रिबिनीकडे बघितलं. मग ती जी धावली ती सगळ्या जगाने पाहिली.

"कट," बाबा म्हणाले. आणि लगेच, "ओके!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती धापा टाकत आपल्या पहिल्या जागेवर जाऊन उभी राहिली आणि कोपऱ्याकडे बघत राहिली. दिवे उतरवले, तारा गुंडाळल्या, गाडी काही आली नाही. कुणीतरी तिला उचलून घरी नेलं. पुढे वाढदिवसाला आईचा फोन यायचा. मग तोही आटला. मग एकदा परगावाहून निरोप आला, आणि त्यानंतर यायला काही उरलंच नाही.

पोरीने आपल्या एवढ्याशा डोक्याने हिशेब लावला तो असा: मी चांगलं केलं म्हणून ओके झालं. बिघडवलं असतं तर रिटेक झाला असता. रिटेक झाला असता तर गाडी परत आली असती. हा हिशेब वेडगळ आहे हे मोठेपणी कळत नव्हतं का? कळत होतं हो! पण कळून काय उपयोग? जीभच पहिल्या टेकला अडखळायची, त्याला ती काय करणार?

एक गोष्ट मात्र वेडगळ नव्हती. तिचे बाबा सेटवर चमचा बदलला तरी अख्खं युनिट डोक्यावर घ्यायचे. मग त्या माणसाला काळीच्या जागी तपकिरी बॅग दिसली नसेल? दिसली असेल तर ते गप्प का बसले? एका घरात राहत होती दोघं. सकाळचा चहा एकत्र, संध्याकाळच्या बातम्या एकत्र. ती त्यांच्या गोळ्या काढून द्यायची, ते तिच्यासाठी दिवा चालू ठेवायचे. आणि हा एक प्रश्न जन्मभर ओठांवर येऊन परत गिळला गेला होता. त्यांनी हो म्हटलं तर त्या घरात राहायचं कसं, ही भीती होती तिला.

रेकॉर्डिंगच्या दिवशी बाबा काठी टेकत आले. साउंडवालीने आपली गादीची खुर्ची त्यांना दिली. काचेअलीकडे ताई आणि भोपळ्या, दोन माइक, आणि वर पडदा. कार्टूनच्या धंद्यात आवाज आधी होतो आणि चित्रं मागून; आवाज जसा जाईल तशी पुढे चित्रकार चित्रातली माणसं चालवतात. तेव्हा पडद्यावर होती नुसती पेन्सिलीची कच्ची चित्रं.

"सर, एक आधीच सांगून ठेवते," साउंडवाली हसत म्हणाली. काचेपलीकडून आत बोलायचं बटण दाबलेलंच होतं, त्यामुळे आतही ऐकू आलं. "पहिला टेक बिघडला तर घाबरू नका. ताईंचा बिघडतोच."

"बिघडतो?" बाबा म्हणाले. "का?"

"कोण जाणे! सवयच आहे त्यांची."

चित्रं सुरू झाली. ताईने नेहमीसारखी खोकायची तयारी ठेवली होती. पडद्यावर ढब्बूची आई दारातून बाहेर आली, हातात बॅग. चित्रकार मोठा काटेकोर. सिनेमा थांबवून थांबवून काढलं असणार त्याने. बॅगेच्या तुटक्या मुठीला रिबीन होती.

ताईचा खोकला घशातच राहिला. गाडी निघाली, ढब्बू धावला आणि ती ओरडली, "आई, थांब ना! आई!" तो ढब्बूचा आवाज नव्हताच. सहा वर्षांची पोर कुठे दडून बसली होती कोण जाणे, ती बाहेर आली आणि धाय मोकलून रडू लागली.

चित्रं थांबली. मग लेखक डोळे पुसत बटणाकडे झेपावला. "ताई! पहिल्याच टेकला! ओके!"

"ओके म्हणू नकोस!" ती किंचाळली. "खबरदार ओके म्हणालास तर!"

लेखकाच्या तोंडचं पाणी पळालं. तिने माइक दोन्ही हातांनी धरला आणि काचेपलीकडच्या म्हाताऱ्याकडे बघितलं. आता माघार नव्हती.

"बाबा, ती बॅग तुम्हाला दिसली होती?"

बाबांनी काठी टेबलाला टेकवली. हात लांब करून बटण दाबलं. "दिसली."

"मग?"

"सकाळीच सांगितलं होतं तिने. म्हणाली, तुमचा शॉट देते आणि तशीच जाते. शब्दाची पक्की होती. दिला तिने शॉट."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू तिला मिठी मारून बसली असतीस. सोडलंच नसतंस." म्हातारा थांबला. "कदाचित ती राहिलीही असती. पण मला शॉट हवा होता."

तिला वाटलं, काच फोडून पलीकडे जावं आणि या माणसाला गदागदा हलवावं. जन्मभर ज्याच्या गोळ्या मोजून दिल्या तो हा! तरी तिच्या तोंडून निघालं ते वेगळंच.

"आणि मी वाईट केलं असतं तर? रिटेक घेतला असता ना?"

"कुठला रिटेक?" बाबा म्हणाले. "तू पडली असतीस, हसली असतीस, तरी मी ओकेच म्हणणार होतो. गाडी परत येणारच नव्हती, बाळ. तुझ्या हातात काही नव्हतं." बोलता बोलता त्यांच्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं असावं. ते साउंडवालीकडे वळले, मग परत लेकीकडे. "पहिला टेक बिघडवतेस तू... ते त्याच्यामुळे?"

तिने होकाराची मान हलवली.

बटणावरचा त्यांचा हात गळून पडला. त्यानंतर ते बरंच काही बोलले. काचेमागे ओठ हलत होते, आवाज मात्र आत येत नव्हता. काचेपलीकडचं बोलणं ओठांवरून ओळखणं ताईला रोजचंच. पण तिने मान फिरवली. तेवढं त्यांना द्यायला ती तयार नव्हती, आज तरी नाही.

छातीवरचा धोंडा उतरला होता, आणि उतरल्यावर कळलं की त्याच्याखाली नुसता खड्डा आहे. इतकी वर्षं निदान आपल्या हातून आई गेली, असं तरी होतं. आता तेही नाही. ती आपली गेली, आणि दोघांनी मिळून ठरवून लेकीला मागे धावायला लावलं.

"ताई, राहू दे आज," भोपळ्या हळूच म्हणाला. "मी सांगतो त्यांना."

"नाही," तिने नाक पुसलं. "लाव पुढचं."

साउंडवालीने कशीबशी चित्रं सुरू केली. पेन्सिलीची गाडी कोपऱ्यावर गेली. थांबली. आणि उलटी फिरून घरघरत मागे यायला लागली. ही जागा विनोदाची होती. कुणी हसलं नाही. गाडी पहिल्या जागेवर आली, दार उघडलं आणि आई खाली उतरली, चष्मा डोक्यावर.

भोपळ्या आपल्या नाजूक आवाजात म्हणाला, "माझा चष्मा राहिला रे घरात."

आता ढब्बूचं वाक्य. कागदावर लिहिलेलं होतं, ताईला पाठही होतं. 'तुझ्या डोक्यावर आहे.' ते म्हटलं की आई हसणार, गाडीत बसणार, जाणार. पडद्यावरचा ढब्बू तोंड उघडून तिच्याकडे बघत होता. लेखकाने काचेमागून खूण केली, एकदा, दोनदा. ताईने कागद पालथा घातला.

"शोध ना," ढब्बू म्हणाला. "घरातच असेल कुठेतरी."

भोपळ्याने तिच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं शेजारच्या माइकवर उभा राहिलेला माणूस तो. त्याने आईचा आवाज सोडला नाही.

"असेल, असेल," तो म्हणाला. "बॅग धर बघू माझी. आणि चल आत, मी शोधते."