टेकडीवरचे दहा फूट गवत

फुलपाखरे संपली तर मानवजात संपायला फार वेळ लागणार नाही, असे अनंतराव ओव्हाळ उभे राहून म्हणाले. टेकडी मित्र मंडळाच्या बैठकीने ते ऐकून घेतले आणि पुढचा विषय घेतला : चहा साखरेचा की बिनसाखरेचा.

अनंतराव टपाल खात्यात पत्रांची वर्गवारी करून निवृत्त झाले होते. त्यानंतर अकरा वर्षे दर रविवारी ते वारज्याच्या टेकडीवर फुलपाखरांची वर्गवारी करत. खाली आयटीवाल्यांच्या इमारती झाल्या आणि सकाळी फिरायला येणाऱ्यांना सापांची भीती वाटू लागली. साप कोणी पाहिला नव्हता. तरी फेब्रुवारीत वाळके गवत जाळायचे ठरले. जाळले की पावसात जोमाने येते, हे प्रत्येकाला कोणीतरी सांगितले होते.

"काका, फुलपाखरं उडून जातील ना," मंडळाचा अध्यक्ष चेतन म्हणाला. हा कंपनीत टीम लीडर.

"उडणारी जातील. काडीला चिकटलेले कोश कुठं जाणार? त्यांना ट्रान्सफर मिळत नाही."

मतदान झाले. चौदा विरुद्ध एक.

जाळण्याच्या दिवशी अनंतराव घडीची खुर्ची घेऊन गवतात जाऊन बसले. विनवण्या झाल्या. पत्नी यमुनाबाईंना बोलावणे गेले. त्यांनी डबा पाठवला. शेवटी मंडळाने त्यांच्याभोवती विळ्याने रुंद पट्टा कापला आणि रुसलेल्या आत्याला वगळून पंगत उरकावी तशी उरलेली टेकडी पेटवली.

पावसाळ्यात टेकडी खरोखरच हिरवीगार झाली. मंडळाने फोटो लावले. अनंतरावांच्या वहीत मात्र गेल्या जुलैत बेचाळीस जाती होत्या, या जुलैत सहा. दिव्याभोवती पतंगही येईनात. सोसायटीचा वॉचमन तेवढा खूश होता.

ऑगस्टमध्ये चेतन मुलीला, पूर्वाला, घेऊन आला. शाळेचा प्रकल्प होता : आपल्या टेकडीवरची फुलपाखरे. तिघे दोन तास हिंडले. गवत भरपूर होते, त्यावर कोणी नव्हते. मग अनंतरावांनी त्यांना खुर्चीच्या जागेपाशी नेले. जेमतेम दहा फूट. पूर्वाने गवताला हात लावला तशी पिवळी, तपकिरी फुलपाखरे भराभर उठली. ती मोजू लागली आणि अठ्ठावीसला चुकली.

चेतनने मागच्या हिरव्यागार, रिकाम्या टेकडीकडे वळून पाहिले. "काका, आमचं चुकलं."

हे वाक्य पुण्यात फारसे ऐकायला मिळत नाही. अनंतरावांनी चष्मा काढून पुसला.

"आणि काका," चेतनने मोबाइल डोळ्यांसमोर धरला, "जरा बाजूला होता का? फोटोत येताय."