रबराचं वय

पाकिटावर तारखा दोन होत्या आणि ताईंनी वाचली होती एकच.

हवाई दलाच्या तळावर, त्या सांभाळत असलेल्या सुट्या भागांच्या कोठारात रिकामं पाकीट हातात धरून त्या उभ्या होत्या. वरची तारीख पॅकिंगची. खाली बारीक अक्षरात रबर बनवल्याची, आणि ती चांगली अकरा वर्षांपूर्वीची. रबराची रिंग वापरा, न वापरा, बसल्या बसल्या म्हातारी होते, हे नव्या माणसांना ताईच सांगायच्या. वर "माझ्याकडेच बघा की" म्हणून हसवायच्या. आणि सकाळी त्यांनीच तसली रिंग टँकरसाठी देऊन टाकली होती. हा टँकर म्हणजे उडता उडता मागे लांब पाइप सोडून लढाऊ विमानांना इंधन पाजणारं विमान. रिंग त्या पाइपच्या जोडात बसायची. ती हवेत फाटली, तर मागच्या वैमानिकाच्या काचेवर इंधनाचा फवारा. उड्डाण अकराला होतं आणि आता सव्वादहा वाजले होते.

ताई पळत सुटल्या. सव्वीस वर्षांत त्यांना पळताना कोणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे पहारेकरीही अडवायचं विसरला.

हँगरमध्ये पाइपच्या जोडाशी मिस्त्री बसले होते. खरे विमानाचे मेकॅनिक, पण हात घर बांधायला घेतल्यासारखा सावकाश, म्हणून सगळे मिस्त्रीच म्हणत.

"मिस्त्री, ती रिंग... बसवलीत?"

"आधी श्वास घ्या, ताई." त्यांनी खिशातून रिंग काढून बोटांत वाकवली. वळणावर केसाएवढी चीर उघडली. "बसवायच्या आधी वाकवून बघतो मी. तुमच्याकडेच निघालो होतो."

ताई शिडीच्या पायरीवर मटकन बसल्या. त्यांचे डोळे भरून आले. "तुमचे उपकार कसे फेडू हो?"

"फेडताय कशाला? दुसऱ्या खोक्यातली द्या, ही मी कचऱ्यात टाकतो. तुम्ही दिली नाहीत, मी घेतली नाही. नाव कशाला खराब करायचं?"

मोह झाला नाही असं नाही. ताईंच्या नावावर आजवर चूक नोंदवायची एकही लाल चिठ्ठी नव्हती आणि त्याचा त्यांना थोडा तोराही होता. पण त्याच खोक्यातली पाकिटं आणखी तीन तळांवर गेली होती. तिथे वाकवून बघणारा कोणी असेलच असं कुठे होतं?

त्यांनी चांगली रिंग आणून दिली आणि मग लाल चिठ्ठी भरली. कारण: तारीख वाचण्यात माझी चूक. दोष कोणी पकडला: इथे मिस्त्रींचं खरं नाव हवं होतं. इतक्या वर्षांत ते प्रथमच विचारावं लागलं, याची ताईंना लाज वाटली. त्यांनी ते ठळक अक्षरात लिहिलं.

साहेबांनी चिठ्ठी दोनदा वाचली. "ताई, ही नोंद कायम राहणार."

"राहू द्या, साहेब. आधी ते तीन फोन करा."

टँकर वीस मिनिटं उशिरा उडाला. दुपारी इंजिन विभागातला एकजण सुटा भाग न्यायला कोठाराच्या खिडकीशी आला. ताईंनी पाकीट काढलं, चष्मा पुसून नीट वाचलं आणि त्याच्यापुढे सरकवलं.

"आता तुम्ही वाचा. मोठ्यानं."

"अहो ताई, तुम्ही वाचलंय की!"

"म्हणूनच."