पांढऱ्या चिंधीची परीक्षा

रंगाऱ्याच्या धाकट्या लेकीचं लग्न झालं, त्या वर्षीची गोष्ट.

कापड रंगवायच्या कारखान्यात तो मुख्य रंगारी. तीस वर्षं त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. धुण्याचं पाणी ओढ्यात सोडण्याआधी तो त्यात पांढरी चिंधी बुडवायचा. चिंधीला रंग चढला, तर पाणी टाकीत अडवायचं. नाही चढला, तर उघड झडप! रंगाचा एक थेंब त्याने ओढ्यात जाऊ दिला नव्हता आणि हे तो ताठ मानेने सांगायचा.

ओढ्याच्या खालच्या अंगाला त्याच्या थोरल्या बहिणीचा भाजीचा मळा होता. एका सकाळी अक्का बादली घेऊन थेट कारखान्यात शिरली.

"माझा सगळा कोबी करपला. हे बघ तुझं पाणी."

"ऊन लागलं असेल, अक्का. पाणी तर आरशासारखं आहे."

"मग हात घाल. आधी ते हातमोजे काढा, राजे!"

चार माणसं बघत होती. त्याने हसत हात घातला. थोड्या वेळाने बोटं चरचरायला लागली आणि हसू मावळलं. कापड पांढरं करायच्या औषधाला रंगच नसतो, आणि गेल्या वर्षापासून ते दुप्पट लागत होतं. चिंधीला ते दिसणार कसं?

धुलाईवाला खाली बघत म्हणाला, "मिस्त्री, मेलेले मासे मी दोनदा पाहिले. म्हटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

"मला वाटलं, हा सांगेल," दुसरा पुटपुटला.

रंगारी कुणावर ओरडणार? वर्षभर तो स्वतःच ओढ्याकाठची वाट सोडून लांबच्या रस्त्याने घरी जात होता. का, ते त्याने स्वतःलाही विचारलं नव्हतं.

एवढ्यात मालक आले. "झडप उघडा, माल खोळंबलाय."

"मी नाही उघडणार. तीस वर्षं चुकलो, तेवढं पुरे."

"नोकरी जाईल. दुसरा उघडेल."

मालकांनी धुलाईवाल्याकडे पाहिलं. त्याने हात पाठीमागे घेतले. "माझा खांदा आखडलाय, साहेब." मग एकेकाचा खांदा आखडत गेला.

तीन दिवस काम बंद राहिलं. चौथ्या दिवशी मालकांनी ते पाणी साफ करायची टाकी खणायला घेतली.

"अक्कल यायला तीस वर्षं लागली," अक्का भावाला म्हणाली. पण गल्लीभर सांगत सुटली, "चारचौघांत 'चुकलो' म्हणाला. माझा भाऊ आहे तो!"

अक्का त्यानंतर नऊ वर्षांनी, थंडीत वारली. रंगारी तिच्यामागून दीड वर्षाने गेला.