बेचाळीस कागदांवरचं कुंकू

माझी पुनम धुळ्याच्या चित्रकला महाविद्यालयात पहिल्या वर्षाला होती. या वर्षी पास झाली नाही तर मार्गशीर्षात लग्न, असं तिच्या वडलांनी जूनमध्येच सांगून ठेवलं होतं. शिरपूरचं स्थळ तेवढं थांबायला तयार झालं होतं. त्या चातुर्मासात माझा सगळा नेम तिच्याच नावाने चालला होता, तुळशीच्या प्रदक्षिणाही आणि आळणी जेवणही.

शाळेत तिच्या गणपतीच्या चित्राला तालुक्यात पहिला नंबर होता. धुळ्याला पहिल्याच आठवड्यात सर म्हणाले, "गणपती येतो ना? आता तो विसर. हा डबा काढ."

दीड महिना डबाच. फोनवर ती बोलायची कमी, नाक ओढायची जास्त. मग खोलीतली मैत्रीण कशिश फोन हिसकावून घ्यायची. ती जळगावच्या मेहरूणची, तिचे वडील हबीबभाई दुकानांच्या पाट्या रंगवतात. "काकू, इथं सगळेच आपापल्या शाळेतले पहिले, म्हणून सगळेच रडतात. सर कागद फाडतात, आपण नवा लावायचा. एवढाच अभ्यासक्रम आहे!"

दिवाळीआधी काम जमा करायचं होतं, नाहीतर वर्षच बुडणार होतं. डबे, मडकी, झाडं, हातपाय, रंगांचे पट्टे, असे बेचाळीस कागद. तपासायला परीक्षक बाहेरगावचे. शनिवारी पुनम ते सगळं घेऊन अमळनेरजवळच्या आमच्या गावी आली आणि उरलेले चार पुरे करून जेवता जेवता ताटावरच पेंगली.

सोमवारी सकाळी ती न्हाणीत होती, माझी पूजा झाली होती. आमच्याकडे नवं काही कामाला लावायचं तर आधी कुंकवाचं बोट लावतात. ट्रॅक्टर असो, वही असो. मी कागद उघडले. चित्राला धक्का न लावता प्रत्येकाच्या कोपऱ्यात ओल्या कुंकवाचं एक बोट टेकवलं. बेचाळीस वेळा देवाचं नाव घेतलं आणि दोरी बांधून ठेवली.

कागदांबरोबर जमा करायचं तिने केलेलं पुठ्ठ्याचं घर धरायला कोणीतरी हवं, म्हणून मीही एसटीत बसले.

कॉलेजच्या लांब खोलीत पोरं जमिनीवर कागद मांडत होती. पुनमने दोरी सोडली. एक कागद उचलला, दुसरा उचलला, मग भराभर सगळे.

"आई, हे तू केलंस?"

"यश मिळावं म्हणून गं."

कशिश हसत आली आणि कागद बघून खालीच बसली. "काकू, कागदाच्या पुढच्या बाजूला नावसुद्धा लिहायचं नसतं. कोणाचं काम ते परीक्षकाला कळता कामा नये. खूण दिसली की बाद."

सर आले. मी पदर सावरून सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"ताई, माझा विश्वास आहे तुमच्यावर. पण हे चालवलं तर पुढच्या वेळी कोणी निळं बोट लावील, कोणी हिरवं."

"कोपरा कापला तर, सर?" कशिशने विचारलं.

"माप ठरलेलं आहे." मग ते पुनमकडे वळले. "निदान तीस लागतात. पाच वाजेपर्यंत घेईन."

पुनम नवा कागद लावून डबा काढायला बसली. पाणीसुद्धा प्यायली नाही. पाचपर्यंत सात झाले. सातवा सरांनी हातात घेऊन बराच वेळ बघितला. "हात बसलाय तुझा," म्हणाले. "पुढच्या वर्षी परत ये."

बाहेर पायऱ्यांवर यांचा फोन आला.

"बठ्ठं काम जमा व्हयनं का?"

खोटं बोलायचं नाही हाही माझा नेमच. "नही. चूक मनी शे," म्हटलं, आणि माझ्या हातून झालेलं सगळं सांगितलं. वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"चूक कोनीबी ऱ्हावो," ते हळूच म्हणाले. "शिरपूरले मी शब्द दिन्हा. तिले घर लई ये."

काय म्हणाले, ते पुनमने विचारलं नाही. खोलीवर जाऊन तिने कपडे भरले. रंगांच्या बाटल्या मात्र कशिशच्या फळीवर ओळीने मांडल्या.

"नेत नाहीस?" कशिशने विचारलं.

"तिकडं कोणाला लागणार?"

मी दारात उभी होते. आत ये, असं कोणी म्हटलं नाही.