शालिग्रामकाकांचे आठ स्पीकर

मोतीलालने अँप्लिफायरला हात लावला आणि चटका बसताच मागे घेतला. मशीन बंद करून बराच वेळ झाला होता, तरी तापलेलंच होतं. झाकण उघडलं तर आत फ्यूजच्या जागी तांब्याची तार.

"काका, हे कोणी केलं?"

"मीच. फ्यूज सारखा उडत होता ना," समोर स्टुलावर बसलेले शालिग्रामकाका मोठ्या अभिमानाने म्हणाले.

मोतीलालचं इतवारा बाजारात रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान, पण आज काकांनी त्याला घरी बोलावलं होतं. एकेक नमुनेदार गिऱ्हाईक त्याने पाहिलं होतं, पण दोन खोल्यांच्या घरात आठ स्पीकर लावणारा माणूस पहिलाच. कापड मिलमध्ये मागांवर जॉबर, म्हणजे मुकादम, म्हणून जन्म घालवलेल्या काकांना निवृत्तीनंतर हा नाद लागला, आणि त्याला कारण होतं. मस्कतला दिलेली मुलगी, सुमन, पत्र लिहायचा कंटाळा करी. ती कॅसेट भरून पाठवी आणि त्यात काकांची नात पिंकी बोले. काकांची तक्रार एकच, की आवाज येतो पण शब्द कळत नाहीत. म्हणून त्यांनी स्पीकरची दुसरी जोडी आणली, मग तिसरी. चौथी जोडी विमलकाकूंचे मसाल्याचे डबे हुसकून स्वयंपाकघरातल्या फळीवर जाऊन बसली. हौसेला मोल नसतं हे काकूंना मान्य होतं, फक्त शेजाऱ्यांच्या कानांना ते असावं एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

चारही जोड्यांच्या तारा काकांनी एकाच ठिकाणी कोंबल्या होत्या.

"असं केलं का लोड चौपट होतो," मोतीलाल म्हणाला. "मशीन खेचत राहतं अन् एक दिवस आग लागते. फ्यूज तुम्हाला वाचवायलाच उडत होता, काका."

काका त्याच्या तोंडाकडे बघत मान डोलवत होते. मोतीलालने सगळ्या तारा सोडवल्या. मशीन आठ ओहमचं, स्पीकरही आठ ओहमचे. एका बाजूचे चार शेजारी शेजारी जोडले की दोनच ओहम उरतात, आणि मशीन तेवढ्यावर जळतं. म्हणून त्याने दोन-दोन स्पीकर एकामागे एक जोडून साखळ्या केल्या आणि प्रत्येक बाजूला दोन साखळ्या दिल्या. हिशेब पुन्हा आठावर आला. नवा फ्यूज बसवून त्याने चांगल्या मोठ्या आवाजात कॅसेट लावली.

"आजोबा," पिंकीचा आवाज आठही स्पीकरांतून स्वच्छ आला, "मम्मीने फोन लावला का तुमी लगेच आजीला देऊन टाकता. माझ्याशी का नाही बोलत? मी काय केलं?"

मोतीलालला कुठे बघावं कळेना. चहा घेऊन आलेल्या विमलकाकू दारातच थबकल्या. हे बोलणं त्यांनी कितीदा ऐकलं होतं, गल्लीनेही ऐकलं होतं. लेकराचा एवढा प्रश्न पुन्हा पुन्हा वाजवून हा माणूस साधं उत्तर देत नाही, वर शब्द कळत नाहीत अशी सबब सांगतो, याचा त्यांना भयंकर राग होता.

"आवाज चांगला आला रे," काका स्पीकरकडे बघत म्हणाले. "पण बोल नाही आले. कुठली तार ढिली आहे?"

मोतीलालला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. मशीनमागे वाकूनच त्याने विचारलं, खरंच नाही कळलं का. उत्तर नाही. त्याने मोठ्याने विचारलं, तरी नाही. मग तो उठून काकांच्या समोर आला आणि तेच हळू आवाजात विचारलं.

"नाही ना. तेच तं सांगतोय केव्हाचं."

मोतीलालला आता उमगलं. त्याचा बाप त्याच मिलमधला. मागांच्या खडखडाटात तिथे कुणाला कुणाचं ऐकू येत नसे, सगळे एकमेकांचे ओठ बघून बोलत. त्या आवाजाने काकांचे कान अधू झाले, पण ते पुढे घरीदारीही तसंच ओठ बघून ऐकत राहिले आणि त्यांना स्वतःला ते कधी कळलं नाही. कॅसेटला ओठ नसतात.

"काका, तार बराबर आहे," तो कसाबसा म्हणाला. "मशीनबी बराबर आहे."

काकांनी त्याचा चेहरा पाहिला, मग काकूंचा. चेहरे त्यांना पटकन वाचता येत. ते उठले, भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि काकूंना म्हणाले, "बोल काहीतरी."

"मी तं समजत होती का तुमी मुद्दाम जवाब देत नाही," काकू त्यांच्या पाठीला हळूच म्हणाल्या. "इतके साल मी तुमच्यावर चिडत राहिली."

काका वाट बघत उभे होते.

"बोल ना."

काका वळले तेव्हा काकूंच्या डोळ्यांना धार लागली होती.

"बोलली होती का तू?"

काकूंनी हो म्हणून मान हलवली. काका खाली बसले. मग त्यांनी विचारलं, पिंकी काय म्हणते. मोतीलालने कॅसेट मागे नेऊन पुन्हा लावली. विमलकाकू नवऱ्यासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसल्या आणि नातीचा एकेक शब्द, आवाज न करता, नुसत्या ओठांनी बोलू लागल्या. फोन आजीला देऊन टाकता. माझ्याशी का नाही बोलत. मी काय केलं.

काकांचा चेहरा पांढरा पडला. हे सगळ्या गल्लीला त्यांनीच ऐकवलं होतं. काकूंना पुढे बोलवेना, त्यांनी तोंडाला पदर लावला. कॅसेट चालूच होती.

"थांबू नको," काका म्हणाले. त्यांनी तो पदर हळूच बाजूला केला. "ती अजून बोलतेय. आवाज येतोय मला."